एचआयव्ही: रोडपाली-कळंबोली परिसरातील कुटुंबांसाठी प्रतिबंध, चाचणी आणि उपचारांची माहिती

थोडक्यात महत्त्वाचे

• एचआयव्ही कोणत्याही एका व्यवसायाचा, जातीचा किंवा प्रांताचा आजार नाही. धोका ठरतो तो असुरक्षित लैंगिक संबंध, संसर्गित रक्त किंवा सुई आणि आईकडून बाळाकडे होणारा संसर्ग यांवरून.
• संसर्ग झाल्यावर अनेक वर्षे काहीही त्रास जाणवत नाही. त्यामुळे चाचणीशिवाय तो कळत नाही.
• सरकारी केंद्रांत चाचणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात. माहिती गोपनीय ठेवली जाते.
• रोज नियमित औषध घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू आढळेनासा झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही.
• जोखमीचा प्रसंग घडला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. संसर्ग टाळणारे औषध उपलब्ध आहे.
• राष्ट्रीय मदत क्रमांक: १०९७ (मोफत).

रोडपालीसाठी हा विषय महत्त्वाचा का?

रोडपाली हे मूळचे गाव आज कळंबोलीच्या वसाहतींना लागून वाढले आहे आणि पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. शेजारीच कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि ट्रकचा मोठा थांबा आहे. सायन-पनवेल महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारा रस्ता येथेच एकत्र येतात. तळोजा औद्योगिक वसाहतही जवळ आहे. साहजिकच ट्रकचालक, क्लीनर, माथाडी कामगार, कंत्राटी मजूर आणि इतर गावांहून येऊन भाड्याने राहणारी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने आहेत.

महामार्गालगतच्या अशा ठिकाणी एचआयव्हीविषयी जनजागृतीचे काम बरीच वर्षे चालू आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था (नॅको) १९९२ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासूनच्या कार्यक्रमांत ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्याकडे विशेष लक्ष दिले गेले. या कामाचा उपयोगही झाला. २०१० च्या तुलनेत २०२३ मध्ये देशातील नव्या संसर्गांचे वार्षिक प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटले.

तरीही काम संपलेले नाही. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. राज्यांचा विचार केला तर सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात, सुमारे ४ लाख इतकी आहे. या सर्वांपर्यंत वेळेवर चाचणी आणि उपचार पोहोचण्यात औषधांच्या तुटवड्यापेक्षा ‘हा आपला आजार नाही’ ही समजूत जास्त आड येते.

‘हा ट्रकवाल्यांचा आजार’ या समजुतीने काय होते?

ट्रकथांब्यावर शिबिर भरते, पोस्टर लागतात, निरोध वाटले जातात. हे आवश्यकच आहे. पण हे सारे पाहून सोसायटीत राहणाऱ्या कुटुंबाला वाटते की धोका रस्त्याच्या पलीकडे आहे. दुसरीकडे, ज्याच्यावर शिक्का बसतो तो ट्रकचालक कोणी ओळखेल या भीतीने चाचणी केंद्रात जाण्याचे टाळतो. शिक्का बसलेला आणि न बसलेला, दोघेही चाचणीपासून दूर राहतात.

याची सर्वांत मोठी किंमत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांनी मोजली आहे. १९९० च्या दशकात पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या (नारी) डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. देहविक्रीच्या व्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के एचआयव्ही-बाधित आढळल्या. त्यांतील बहुतेकींचा पतीशिवाय अन्य कोणाशी संबंध आलेला नव्हता. म्हणजे ‘माझे वागणे नीट आहे, मला चाचणीची गरज नाही’ हा हिशेब अनेकींच्या बाबतीत चुकला. धोका जोडीदाराकडून आला आणि त्याची कल्पना त्यांना नव्हती.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय नागरिक लोकसंख्येच्या १२-१३ टक्के आहेत, पण एचआयव्हीच्या नव्या निदानांमध्ये त्यांचा वाटा ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात असतो. संशोधकांना याची कारणे गरिबी, विम्याचा अभाव, उशिरा मिळणारे उपचार, दवाखान्यांवरील अविश्वास आणि कलंकाची भीती यांत सापडली. तेथे १९९९ पासून ७ फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय समाजासाठी एचआयव्ही जागृती दिन म्हणून पाळला जातो. केशकर्तनालये आणि चर्च अशा लोकांच्या रोजच्या ठिकाणी ओळखीची माणसे या विषयावर बोलतात. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीर केले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ ते औषधे घेत कामात आहेत. अनेकांच्या मनातील ‘एचआयव्ही म्हणजे लगेच मृत्यू’ हे समीकरण अशा उदाहरणांमुळे बदलले.

आपल्याकडेही माहिती देणारा माणूस ओळखीचा आणि विश्वासाचा असेल तर ती पटते. महिला बचत गट, माथाडी टोळीचा मुकादम, आशा सेविका, सोसायटीतले ज्येष्ठ, गाडीमालक यांनी हा विषय साध्या शब्दांत काढला तर त्याचा परिणाम पोस्टरपेक्षा अधिक होतो.

एचआयव्ही आणि एड्स यांत फरक काय?

एचआयव्ही हा विषाणू आहे. तो शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो.

संसर्गानंतर २ ते ४ आठवड्यांत काही जणांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ किंवा गाठी येणे असा त्रास होतो. तो साध्या तापासारखा असतो आणि आपोआप जातो. पुढे सरासरी ८ ते १० वर्षे व्यक्ती धडधाकट दिसते, कामाला जाते, मात्र आतून सीडी४ पेशी घटत राहतात. या काळात संसर्ग इतरांनाही होऊ शकतो.

उपचार न घेतल्यास सीडी४ पेशी २०० च्या खाली जातात किंवा क्षयरोग, बुरशीचा मेंदूज्वर, विशिष्ट न्यूमोनिया यांसारखे गंभीर आजार होतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेवर औषधे सुरू केली तर बहुतेकांना ही अवस्था कधीच येत नाही.

एचआयव्ही कसा पसरतो?

१. बाधित व्यक्तीशी निरोधाशिवाय लैंगिक संबंध (योनीमार्गे किंवा गुदमार्गे). स्त्री-पुरुष आणि पुरुष-पुरुष अशा दोन्ही संबंधांत धोका असतो.
२. एकच सुई किंवा सिरिंज अनेकांनी वापरणे.
३. बाधित रक्त शरीरात जाणे. आता परवानाधारक रक्तपेढीतील प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे.
४. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून आईकडून बाळाला.

जननेंद्रियावर जखम, फोड किंवा स्राव असेल तर संसर्गाची शक्यता बरीच वाढते. म्हणून गुप्तरोगाचा उपचार अर्धवट सोडू नये आणि दोन्ही जोडीदारांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

कशाने पसरत नाही?

हस्तांदोलन, मिठी, एका ताटात जेवणे, एकच भांडे किंवा शौचालय वापरणे, कपडे एकत्र धुणे, खोकला, शिंक, डास चावणे यांपैकी कशानेही एचआयव्ही पसरत नाही. बाधित व्यक्तीने केलेला स्वयंपाक सर्वांनी खाण्यास हरकत नाही. तिचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याला वैद्यकीय आधार नाही. दाढीचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश मात्र कोणीच कोणाचा वापरू नये.

चाचणी कोणी करून घ्यावी?

आयुष्यात एकदा तरी प्रत्येक प्रौढ व्यक्तीने चाचणी करून घेणे चांगले. पुढील व्यक्तींनी ती टाळू नये:

• ज्यांनी कधीही निरोधाशिवाय एकापेक्षा अधिक व्यक्तींशी संबंध ठेवले आहेत किंवा ज्यांच्या जोडीदाराबाबत तशी शक्यता आहे
• ज्यांना गुप्तरोग झाला आहे
• क्षयरोगाचे निदान झालेले सर्व रुग्ण
• प्रत्येक गर्भवती स्त्री, पहिल्याच तपासणीत. शक्य असल्यास पतीचीही चाचणी सोबत
• सुईने नशा करणारे
• ज्यांचा जोडीदार किंवा आई एचआयव्ही-बाधित आहे
• विनाकारण वजन घटणे, महिनाभर जुलाब किंवा ताप, तोंडात वारंवार पांढरे चट्टे, नागीण असा त्रास असणारे

लग्न ठरण्याआधी दोघांनी मिळून चाचणी करणे हाही समजूतदार निर्णय आहे. ती दोघांच्या संमतीने व्हावी. एकाच बाजूवर संशय ठेवून होऊ नये.

चाचणी कुठे होते?

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात (आयसीटीसी) ती मोफत होते. रोडपालीकरांनी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी किंवा १०९७ वर फोन करून सोयीचे केंद्र विचारावे. केंद्र तुमच्याच भागातले असावे अशी अट नाही. ओळखीचे कोणी भेटेल ही भीती वाटत असेल तर वाशी, ठाणे, मुंबई किंवा गावाकडच्या केंद्रातही जाता येते.

केंद्रात आधी समुपदेशक तुमच्याशी एकांतात बोलतात, संमती घेतात आणि मग रक्त घेतले जाते. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी चाचण्या करूनच निदान पक्के केले जाते. खासगी प्रयोगशाळेत एकच चाचणी पॉझिटिव्ह आली असेल तर घाबरून जाऊ नका. आयसीटीसीत जाऊन खात्री करून घ्या.

गवाक्ष काळ (विंडो पिरियड): संसर्ग झाल्यावर लगेच चाचणीत दिसत नाही. बहुतेकांत तो ४ ते ६ आठवड्यांत दिसू लागतो. जोखमीच्या प्रसंगानंतरची पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी ३ महिन्यांनी ती पुन्हा करावी. तोपर्यंत निरोध वापरावा आणि रक्तदान करू नये. केवळ चाचणी होईल म्हणून रक्तदान करणे इतरांसाठी धोक्याचे आहे.

प्रतिबंध: काय करता येते?

निरोध: प्रत्येक संबंधाच्या वेळी, सुरुवातीपासून वापरावा. पाकिटावरील मुदत पाहावी. ट्रकच्या डॅशबोर्डवर किंवा खिशातल्या पाकिटात बराच काळ ठेवलेला निरोध उष्णतेने आणि घर्षणाने कमजोर होतो, म्हणून तो सावलीच्या, कोरड्या जागी ठेवावा. तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फाटते. पाण्यावर आधारित वंगण चालते.

जोखमीनंतरचे औषध (पीईपी): निरोध फाटला, लैंगिक अत्याचार झाला किंवा रुग्णालयात काम करताना वापरलेली सुई टोचली तर लगेच रुग्णालयात जावे. शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवे. ते २८ दिवस रोज घ्यावे लागते. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे लाजेपोटी एक रात्रही वाया घालवू नका.

जोखमीपूर्वीचे औषध (प्रेप): ज्यांना वारंवार जोखीम असते अशा एचआयव्ही-निगेटिव्ह व्यक्ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध घेऊ शकतात. सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही व मूत्रपिंडाची तपासणी आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी आवश्यक असते. मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नये. या औषधाने इतर गुप्तरोग किंवा गर्भधारणा टळत नाही.

सुया: प्रत्येक इंजेक्शनसाठी नवी, तुमच्यासमोर फोडलेली सुई वापरली जात आहे याची खात्री करा. गोळीने भागत असेल तर ‘सुई द्याच’ असा आग्रह धरू नका. गोंदवताना किंवा कान टोचतानाही नवीन सुईच हवी.

दारू: दारूच्या नशेत निरोध राहून जातो. लांबच्या फेऱ्या मारणाऱ्यांशी बोलताना हा मुद्दा दोष न देता सांगणे उपयोगी ठरते.

गरोदरपण आणि बाळ

आई बाधित असेल आणि काहीच उपचार घेतले नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने गरोदरपणातच औषधे सुरू केली आणि बाळालाही जन्मानंतर प्रतिबंधक औषध दिले तर ती ५ टक्क्यांच्या खाली, आणि विषाणू पूर्ण दबलेला असेल तर त्याहूनही कितीतरी कमी होते.

बाळंतपण रुग्णालयातच व्हावे. एचआयव्ही आहे म्हणून प्रत्येक वेळी सिझेरियन लागत नाही. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे आणि त्या काळात वरचे दूध मिसळू नये. याबाबत एआरटी केंद्राच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळाची पहिली चाचणी सहा आठवड्यांचे असताना होते आणि अंतिम निदान साधारण १८ महिन्यांनी केले जाते.

येथे कुटुंबांनी एक गोष्ट समजून घ्यावी. गर्भवतीची तपासणी नियमाने होते, म्हणून घरात एचआयव्हीचे निदान अनेकदा आधी सुनेचे होते. पतीची चाचणी तोवर झालेलीच नसते. मग ‘हिनेच आजार आणला’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तिला माहेरी पाठवले जाते. चाचणी कोणाची आधी झाली यावरून संसर्ग कोणाला आधी झाला हे ठरत नाही. अशा वेळी आई-बाळाचे औषध एक दिवसही थांबू नये आणि पतीने पुढच्या एक-दोन दिवसांत आपली चाचणी करून घ्यावी.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढे काय?

१. एआरटी केंद्रात नोंदणी करा. आयसीटीसीचे समुपदेशक तुम्हाला तेथे पाठवतात. भारतात मोफत एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळतात. २०१७ पासून सीडी४ कितीही असले तरी निदान झालेल्या प्रत्येकाला औषध सुरू केले जाते.

२. तपासण्या होतात. सीडी४, हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, कावीळ बी व सी आणि क्षयरोगाची तपासणी केली जाते. खोकला, ताप, रात्री घाम किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर आवर्जून सांगा. एचआयव्ही असलेल्यांना क्षयरोगाचा धोका बराच जास्त असतो. क्षयरोग नसल्यास तो होऊ नये म्हणूनही गोळ्या दिल्या जातात.

३. औषध रोज, ठरलेल्या वेळी घ्या. बहुतेक प्रौढांना सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत (टीएलडी) दिली जातात. दिवसातून एकदा एक गोळी. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोप कमी होणे असे त्रास होऊ शकतात आणि बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. पुढे काहींचे वजन वाढते. ॲसिडिटीची औषधे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांमुळे डोल्युटेग्राव्हिरचे शोषण कमी होऊ शकते. त्या किती अंतराने घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा. क्षयरोगाची औषधे चालू असतील तर डोस बदलावा लागतो, म्हणून दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांना सांगा.

४. व्हायरल लोड तपासा. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजले जाते. ते आढळेनासे झाले म्हणजे औषध उत्तम काम करत आहे. याचा अर्थ आजार गेला असा नाही. गोळी थांबवली की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

‘आढळत नाही म्हणजे पसरत नाही’ हे खरे आहे का?

होय. याच्या पुराव्यात पुण्याचाही वाटा आहे. एचपीटीएन ०५२ या नऊ देशांतील अभ्यासात एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशी १,७६३ जोडपी सहभागी होती. पुण्याची नारी संस्था हे त्याचे एक केंद्र होते. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग सुमारे ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढे युरोपातील पार्टनर अभ्यासांत विषाणू दबलेल्या व्यक्तींकडून, निरोध न वापरताही, जोडीदाराला संसर्ग झाल्याची एकही घटना आढळली नाही.

जगभर हे तत्त्व ‘यू = यू’ या नावाने ओळखले जाते. ते लैंगिक संबंधांना लागू आहे. सुया वाटून घेण्याला नाही, आणि अंगावरच्या दुधातला धोका पूर्ण शून्य होत नाही. इतर गुप्तरोगांपासून संरक्षणासाठी निरोध हवाच.

म्हणून औषध हे रुग्णाला वाचवते आणि त्याच्या जोडीदाराचेही संरक्षण करते. बाधित व्यक्तीने डॉक्टरांच्या देखरेखीखाली लग्न करणे, निरोगी मूल होऊ देणे आज शक्य आहे.

फिरतीचे काम असेल तर औषध कसे चालू ठेवावे?

• फेरीवर निघताना जितके दिवस लागतील त्याहून आठवडाभर जास्त गोळ्या सोबत ठेवा.
• प्रकृती स्थिर असेल तर एकाच वेळी दोन-तीन महिन्यांची औषधे मिळू शकतात का, हे केंद्रात विचारा.
• उपचार पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वाटेत अडकलात तर जवळच्या एआरटी केंद्रात ती दाखवून तात्पुरती औषधे मागता येतात.
• काम किंवा घर बदलले तर औषध बंद न करता नव्या ठिकाणच्या केंद्रात नाव वर्ग करून घ्या.
• गोळी राहून गेली तर आठवताच घ्या. पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.
• मोबाइलमध्ये रोजच्या वेळेचा गजर लावा.

कुटुंबाने काय करावे?

निदान झाल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत कठीण असतात. ‘कोणाकडून झाले’ या चौकशीने कोणाचीही प्रकृती सुधारत नाही. आधी उपचार, मग जोडीदाराची आणि गरजेनुसार मुलांची चाचणी हा क्रम ठेवा. कोणाला सांगायचे याचा निर्णय त्या व्यक्तीचा असतो. तिच्या परवानगीशिवाय नातेवाईक, शेजारी किंवा घरमालकाला सांगू नका. झोप उडणे, सतत रडू येणे, जीव द्यावासा वाटणे अशी चिन्हे दिसली तर एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांशी बोला. भावनिक आधारासाठी टेलिमानस १४४१६ हा मोफत क्रमांकही उपलब्ध आहे.

‘एड्स बरा करतो’ असे सांगून महागडे काढे किंवा भस्म विकणाऱ्यांपासून सावध राहा. अशा उपचारांसाठी एआरटी बंद केल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे डॉक्टरांना नेहमी पाहावी लागतात.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार:

• संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही.
• संमतीशिवाय कोणाची माहिती उघड करता येत नाही. जोडीदाराला धोका असेल तर, आधी समुपदेशन करून आणि ठरलेल्या अटी पाळून, डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात.
• नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर, विमा यांत केवळ एचआयव्हीमुळे भेदभाव करण्यास मनाई आहे.
• बाधित व्यक्तीनेही इतरांना संसर्ग होणार नाही याची वाजवी काळजी घ्यायची आहे.
• तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे.

याआधीच, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या प्रकरणात निकाल दिला होता की, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. आर्थिक अडचण असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. पात्रतेच्या अटींत बसणाऱ्या एड्सग्रस्तांचा त्यात समावेश आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पती फिरतीवर असतो, पण माझा त्याच्यावर विश्वास आहे. चाचणी करायला सांगितली तर त्याला राग येईल. काय करू?
चाचणीला संशयाशी जोडू नका. ‘आपण दोघे रक्तदाब, साखर, एचआयव्ही एकदमच तपासून घेऊ’ असे म्हणता येते. समुपदेशक दोघांशी एकत्र बोलू शकतात. पती तयार नसेल तर तुमची चाचणी तुम्ही एकट्याने करून घ्या. तो तुमचा हक्क आहे. मात्र तुमचा निकाल निगेटिव्ह आला म्हणून पतीचाही तसाच असेल असे धरता येत नाही.

आमच्या दोघांत एकच पॉझिटिव्ह कसा?
प्रत्येक संबंधात संसर्ग होतोच असे नाही, त्यामुळे असे आढळते. बाधित जोडीदाराने लगेच औषध सुरू करावे, विषाणू दबेपर्यंत निरोध वापरावा आणि दुसऱ्याने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा चाचणी करावी.

शेजारी किंवा भाडेकरू बाधित असल्याचे कळले. मुलांना त्यांच्या घरी पाठवावे का?
हो. एकत्र खेळणे, खाणे, शाळेत शेजारी बसणे यांत धोका नाही.

औषध किती दिवस घ्यावे लागते?
आयुष्यभर. वेळेवर सुरू करून नियमित घेतल्यास आयुर्मान इतरांच्या जवळपास राहते.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

• जोखमीचा प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील तर
• औषधे सुरू असताना अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणे किंवा लघवी कमी होणे
• दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप
• तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, झटके, बेशुद्धी
• दृष्टी अंधुक होणे, गिळताना दुखणे, धाप लागणे
• एआरटीच्या गोळ्या संपल्या किंवा बरेच दिवस बंद झाल्या असतील तर; लाज न बाळगता केंद्रात परत जा, औषध पुन्हा सुरू करता येते

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःचे निदान आणि औषधांबाबत एआरटी केंद्रातील किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.